कॅमेरा बघतो सगळं, पण ठेवतो काय?

नेहमीप्रमाणे हा भाग ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला सोपा पडतो त्यांच्यासाठी लिहून काढलाय. बोलताना झालेले 'म्हणजे' आणि 'अॅक्च्युअली' थोडे कमी केलेत, सगळे नाही.

नाशिकहून एका श्रोत्यांचा मेसेज आला होता. घरात जुना डेस्कटॉप पडून आहे, आठ जीबी रॅम, एक टीबीची हार्ड डिस्क. चार आयपी कॅमेरे लावायचेत. डीव्हीआरचा डबा नकोय आणि क्लाउडचं महिन्याचं भाडंही नकोय. मग या पीसीवर रेकॉर्डिंगसाठी कोणतं सॉफ्टवेअर टाकू?

यावर यूट्यूबवर 'टॉप फाइव्ह' छापाचे व्हिडिओ ढिगाने मिळतील. सगळ्यांमध्ये एक तक्ता असतो. याच्यात हे फीचर आहे, त्याच्यात ते नाही. मला तो तक्ता उलटा वाटतो. या सॉफ्टवेअरचा इतिहास वाचत गेलो तसं मला असं दिसत गेलं की यातलं प्रत्येक सॉफ्टवेअर म्हणजे 'काय ठेवायचं नाही' याचं एक उत्तर आहे. कॅमेरा दिवसभर बघतो. तेवढं सगळं ठेवायला जागा कुणाकडेच कधी नव्हती. कधी टेप पुरत नव्हती, कधी डिस्क, कधी प्रोसेसर, आणि आता माणसाचा वेळ पुरत नाही. त्यामुळे निवड करताना विचारायचं ते हे, की हे सॉफ्टवेअर टाकून काय देतं, आणि कुणाच्या सांगण्यावरून?

सुरुवातीला तर रेकॉर्डिंग हा मुद्दाच नव्हता. घरगुती सुरक्षा कॅमेऱ्याचं पेटंट म्हणून ज्याचा उल्लेख हमखास होतो, ते मेरी व्हॅन ब्रिटन ब्राऊन यांचं. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात राहणाऱ्या या नर्स. कामाच्या वेळा अशा की घरी बऱ्याचदा एकट्या. नवरा अल्बर्ट इलेक्ट्रॉनिक्स टेक्निशियन. दोघांनी १९६६ मध्ये अर्ज केला आणि १९६९ मध्ये पेटंट मिळालं. दाराला वेगवेगळ्या उंचीवर चार भोकं, त्यांच्यामागे वर-खाली सरकणारा कॅमेरा, आणि आत खोलीत टीव्हीवर चित्र. दार न उघडता बाहेर कोण आहे ते बघायचं, त्याच्याशी बोलायचं. त्यातली मूळ कल्पना 'आत्ता कोण आहे' ही होती. 'काल रात्री कोण होतं' हा प्रश्न नंतरचा.

तो प्रश्न आधी दुकानांनी आणि बँकांनी विचारला, आणि उत्तर दिलं टेपने. तीन तासांच्या व्हीएचएस कॅसेटवर चोवीस तास बसवायचे तर काय कराल? आठपट हळू रेकॉर्ड करायचं. आपल्याकडच्या पाल पद्धतीत सेकंदाला पंचवीस चित्रं, त्यातली साधारण तीनच ठेवायची, बाकीची सोडून द्यायची. टाइम-लॅप्स व्हीसीआर म्हणायचे त्याला. चोर पडद्यावर चालत नाही, उड्या मारत जातो, असं जे जुन्या फुटेजमध्ये दिसतं ते या हिशेबामुळे. त्यातून तीच कॅसेट पुन्हा पुन्हा वापरायची, म्हणजे चित्र आणखी पुसट.

आता कॉम्प्युटरकडे येऊ. १९९१, केंब्रिज विद्यापीठाची कॉम्प्युटर लॅब. ट्रोजन रूम नावाच्या खोलीबाहेर कॉफीचं एक भांडं. इतर मजल्यांवरून लोक जिने चढून यायचे आणि भांडं रिकामं निघायचं. (इंजिनिअर लोक जिना चढायचा वाचवायला किती कोड लिहितील याला मर्यादा नाही, हे मी स्वानुभवाने सांगू शकतो.) क्वेंटिन स्टॅफर्ड-फ्रेझर आणि पॉल जार्डेट्झ्की यांनी भांड्यावर एक कॅमेरा लावला, तो लॅबमधल्या एका एकॉर्न कॉम्प्युटरला जोडला, आणि सगळ्यांच्या स्क्रीनवर कोपऱ्यात कॉफीचं छोटंसं चित्र दिसू लागलं. काळं-पांढरं, १२८ बाय १२८ पिक्सेल, मिनिटाला तीनेकदा बदलणारं. १९९३ मध्ये ते वेबवर आलं, जगभर गाजलं, आणि २००१ मध्ये बंद झालं. बंद झाल्यावर ते भांडं लिलावात ३,३५० पौंडांना गेलं, जर्मनीच्या श्पीगेलच्या ऑनलाइन आवृत्तीने घेतलं.

गंमत म्हणून ही गोष्ट सगळे सांगतात. मला तिच्यातला मिनिटाला तीन हा आकडा महत्त्वाचा वाटतो. भांडं काही सेकंदात भरत नाही. जे घडायचंय त्याचा वेग ओळखून त्यांनी चित्राचा वेग ठरवला. आज आपण गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीकडे बघणाऱ्या कॅमेऱ्यालाही तीस फ्रेम लावून ठेवतो, कारण ड्रॉपडाउनमध्ये तो सगळ्यात मोठा आकडा असतो.

हे सगळं घरापर्यंत पोचलं ते नव्वदीच्या शेवटी. पीसीत बसणारी कॅप्चर कार्डं स्वस्त झाली. मुळात टीव्ही बघण्यासाठी केलेली, बहुतेकांवर बीटी८७८ नावाची चिप. लिनक्समध्ये तिचे ड्रायव्हर आले आणि कुणीही साधा अॅनालॉग कॅमेरा पीसीला जोडू शकलं. येरोन व्ह्रेकेन यांचा 'मोशन' हा प्रोग्राम याच काळातला. आधीची फ्रेम आणि आत्ताची फ्रेम शेजारी ठेवायची, किती पिक्सेल बदलले ते मोजायचं, आकडा ठरलेल्या मर्यादेच्या वर गेला की रेकॉर्डिंग चालू. बस एवढंच. पण 'काय टाकायचं' हे घड्याळाऐवजी चित्र बघून ठरायला लागलं.

मग २००२ मध्ये इंग्लंडमध्ये फिलिप कूम्ब्स यांच्या गॅरेजमधून पॉवर टूल्स चोरीला गेली. त्या चिडीतून त्यांनी लिहायला घेतलेलं सॉफ्टवेअर म्हणजे 'झोनमाइंडर'. ते आजही चालू आहे, ओपन सोर्स आहे, आणि वीसहून जास्त वर्षांत वेगवेगळ्या लोकांच्या हातातून गेलंय.

त्याचं नावच त्याची मुख्य कल्पना सांगतं. चित्रावर बोटाने रेषा मारल्यासारखे झोन आखायचे. फाटकात हालचाल झाली तर अलार्म. झाडाच्या भागात झाली तर दुर्लक्ष. आणि सगळ्या चित्रात एकदम बदल झाला, म्हणजे ढग आला किंवा दिवा लागला, तर अलार्मच रद्द. घरी प्रत्यक्ष कॅमेरा लावलेल्या माणसालाच सुचेल अशी ही तिसरी कल्पना आहे.

त्या काळचा हिशेब करून बघू. पूर्ण पाल आकाराचं, ७६८ बाय ५७६ चं एक जेपेग चित्र चाळीस केबी धरा. सेकंदाला पंचवीस म्हणजे एक एमबी. दिवसाला सुमारे ८६ जीबी. आणि तेव्हाच्या घरगुती पीसीत डिस्क असायची चाळीस जीबीची! एक कॅमेरा, आणि अर्ध्या दिवसात डिस्क फुल. त्यामुळे 'हालचाल झाली तरच ठेव' ही तेव्हा चैन नव्हती, त्याशिवाय गाडी पुढे सरकतच नव्हती. डिस्क भरली की जुने प्रसंग पुसणारा फिल्टरही झोनमाइंडरमध्ये त्यासाठीच आहे.

आता दुसरा हिशेब. आजचा फुल एचडी कॅमेरा, एच.२६४ वापरून, साधारण दोन एमबीपीएस. दिवसाला २१.६ जीबी. चार कॅमेरे मिळून पुन्हा ८६ जीबी! वीस वर्षांपूर्वीचा एक धूसर कॅमेरा आणि आजचे चार स्वच्छ कॅमेरे, जागा तेवढीच. फरक एवढा की डिस्क एक टीबीची आहे. म्हणजे नाशिकच्या आपल्या श्रोत्यांनी काहीही न गाळता, चोवीस तास, चारही कॅमेरे रेकॉर्ड केले तरी अकरा दिवस बसतात. हे बऱ्याच जणांच्या लक्षातच येत नाही. २००२ ची सवय २०२० च्या दशकात चालू ठेवतात, मोशनवरच रेकॉर्डिंग ठेवतात, आणि नेमका हवा तो प्रसंग मोशनला कळलेलाच नसतो.

हा बदल झाला कशामुळे? एक म्हणजे कॅमेऱ्याच्या पोटातच कॉम्प्युटर आला. स्वीडनच्या अॅक्सिसने १९९६ मध्ये पहिला नेटवर्क कॅमेरा काढला. मोठ्या आकाराचं एक चित्र पाठवायला त्याला सतरा सेकंद लागायचे. १९९८ मध्ये आरटीएसपी नावाचा प्रोटोकॉल ठरला, २००३ मध्ये एच.२६४. तरी प्रत्येक कंपनीची भाषा वेगळी होतीच. २००८ मध्ये अॅक्सिस, बॉश आणि सोनी यांनी मिळून ऑनव्हिफ सुरू केलं, म्हणजे कुठलाही कॅमेरा कुठल्याही सॉफ्टवेअरशी बोलू शकेल असा करार. कॅमेरा घेताना डब्यावर ऑनव्हिफ आणि आरटीएसपी हे दोन शब्द नसतील तर तो घेऊ नका. पुढे कुठलंही सॉफ्टवेअर निवडायचं स्वातंत्र्य त्या दोन शब्दांवर टिकून आहे.

पण इथे एक नवीन अडचण आली. एच.२६४ मध्ये प्रत्येक फ्रेम पूर्ण नसते, बहुतेक फ्रेम म्हणजे 'मागच्यापेक्षा काय बदललं' एवढंच. हालचाल शोधायला सॉफ्टवेअरला आधी ते सगळं उलगडावं लागतं. आता डिस्क पुरायला लागली, तर प्रोसेसर पुरेना. चार कॅमेऱ्यांवर जुना पीसी हीटरसारखा तापायचा. विंडोजवाल्यांमध्ये लोकप्रिय असलेल्या 'ब्लू आयरिस'ने यावर दोन तोडगे दिले. एक, कॅमेऱ्याकडून आलेला प्रवाह पुन्हा न गाळता जसाच्या तसा डिस्कवर टाकायचा. दोन, कॅमेरा जो दुसरा छोटा प्रवाह देतो तो हालचाल शोधायला वापरायचा आणि मोठा फक्त साठवायचा. हे दुसरं ब्लू आयरिसमध्ये २०२० च्या सुमारास आलं आणि जुन्या मशीन्सना अक्षरशः पुनर्जन्म मिळाला. झोनमाइंडर बराच काळ एकेक फ्रेम वेगळं जेपेग म्हणून ठेवायचं. त्यालाही जसाच्या तसा व्हिडिओ ठेवायची सोय यथावकाश आली.

या सगळ्याला कंटाळलेल्या लोकांसाठी एक सोपा रस्ताही निघाला होता. २००९ मध्ये सुरू झालेली ड्रॉपकॅम. पीसी नको, डिस्क नको, कॅमेरा भिंतीला लावा, वायफाय द्या, रेकॉर्डिंग आमच्याकडे. २०१४ मध्ये गुगलच्या नेस्टने ती ५५ कोटी ५० लाख डॉलरला घेतली. आणि ८ एप्रिल २०२४ ला ड्रॉपकॅमची सेवा बंद झाली. कॅमेऱ्याची काच चांगली, सेन्सर चांगला, पण बोलायला पलीकडे कुणी नाही, म्हणून यंत्र निरुपयोगी. कंपनीने आधी वर्षभर कळवलं होतं, फसवणूक वगैरे काही नाही. पण झोनमाइंडर त्याच्याही आधीचं, आणि ते अजून चालतंय.

घरात ठेवलं म्हणजे सुरक्षित, असंही नाही. २०१६ मध्ये 'मिराई' नावाचा कीडा पसरला. साठेक ठरावीक युजरनेम-पासवर्डच्या जोड्या घेऊन तो इंटरनेटवर उघडे असलेले कॅमेरे आणि डीव्हीआर शोधायचा आणि आत शिरायचा. त्या वर्षी २१ ऑक्टोबरला अशा बळकावलेल्या यंत्रांनी डिन या डीएनएस कंपनीवर मारा केला आणि अमेरिकेत ट्विटर, नेटफ्लिक्ससकट कित्येक साइट्स तासन्तास अडखळल्या. ज्यांच्या घरचे कॅमेरे यात वापरले गेले त्यांना पत्ताही नव्हता. पीसीवर रेकॉर्डिंग करण्याचा एक फायदा इथे आहे. कॅमेऱ्यांना इंटरनेट द्यायचंच नाही, फक्त पीसीशी बोलू द्यायचं. बाहेरून बघायचं तर व्हीपीएन. राउटरचे पोर्ट उघडायला सांगणारा इन्स्टॉलर भेटला तर त्याला चहा पाजा आणि परत पाठवा.

आता शेवटचा टप्पा. जागा आहे, प्रोसेसर सांभाळून घेतोय, मग पुरत नाहीये काय? आपलं लक्ष. पिक्सेल मोजणाऱ्या सॉफ्टवेअरला माणूस आणि सावली यात फरक कळत नाही. आपल्याकडे तर रात्री कॅमेऱ्याच्या इन्फ्रारेड उजेडाला किडे येतात, किड्यांना खायला पाल येते, कोळी काचेवर जाळं विणतो. पावसाच्या सरी आहेत. दिवाळीत आकाशकंदील आणि लुकलुकणाऱ्या माळा. रात्रीतून दोनशे नोटिफिकेशन आल्यावर माणूस तिसऱ्या दिवशी नोटिफिकेशन बंद करतो, आणि मग कॅमेरा असून नसल्यासारखा.

ब्लेक ब्लॅकशीअर यांनी सुरू केलेलं 'फ्रिगेट' हे यावरचं उत्तर. आधी स्वस्तातली पिक्सेल-तुलना करायची, जिथे हालचाल दिसेल तेवढाच तुकडा कापून न्यूरल नेटवर्ककडे द्यायचा आणि विचारायचं, हे काय आहे? माणूस असेल तर सांग, मांजर असेल तर झोप. यासाठी गुगलची कोरल नावाची छोटी यूएसबी चिप लोकांनी भरपूर वापरली. आता इंटेलच्या साध्या ग्राफिक्सवरही हे काम होतं.

पण इथेही काहीतरी टाकलं जातंच, आणि ते टाकणारा माणूस तुमच्या ओळखीचा नाही. फ्रिगेटसोबत येणारं नेहमीचं मॉडेल कोको नावाच्या डेटासेटच्या यादीवर शिकलेलं आहे. मायक्रोसॉफ्टच्या पुढाकाराने २०१४ मध्ये आलेला हा डेटासेट, ऐंशी प्रकारच्या वस्तू. त्यात माणूस आहे, मोटरसायकल आहे, गायसुद्धा आहे. स्नोबोर्ड आणि फ्रिस्बी आहेत. रिक्षा नाही. तुमच्या दारात रिक्षा येऊन थांबली तर ते मॉडेल तिला कधी कार म्हणेल, कधी काहीच म्हणणार नाही. म्हणून नोटिफिकेशन एआयच्या हातात द्यायला माझी हरकत नाही. डिस्कवर काय राहील हे मात्र त्याच्या हातात देऊ नये. रेकॉर्डिंग चोवीस तास, सूचना निवडक. या दोन गोष्टी वेगळ्या करता येणं, ही माझ्या मते निवडीची पहिली कसोटी.

दुसरी कसोटी आपल्याच राज्यातल्या एका प्रकरणातून येते, आणि ती कुठल्याच फीचरच्या तक्त्यात नसते.

२०१४ ची विधानसभा निवडणूक, जालना. अर्जुन खोतकर निवडून आले, कैलास गोरंट्याल हरले. आक्षेप असा की खोतकरांचे उमेदवारी अर्ज २७ सप्टेंबरच्या दुपारी तीनच्या मुदतीनंतर दाखल झाले. निवडणूक अधिकाऱ्यांच्या कचेरीत आणि बाहेर कॅमेरे होते. त्या चित्रीकरणात वेळ दिसत होती. प्रश्न उभा राहिला तो पुराव्याचा. कॉम्प्युटरमधून काढलेल्या नोंदीला कलम ६५-ब चं प्रमाणपत्र लागतं, आणि वारंवार मागूनही संबंधित अधिकारी ते देत नव्हते. मुंबई उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये निवडणूक रद्द ठरवली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि जुलै २०२० मध्ये निकाल आला की प्रमाणपत्र सक्तीचंच आहे, पण मिळवण्याचे सगळे प्रयत्न करूनही समोरचा देत नसेल तर त्या माणसाला सूट मिळू शकते. आज देशभर सीसीटीव्हीच्या पुराव्याबद्दल वाद होतो तेव्हा हा जालन्याचा निकाल निघतोच. आता ६५-ब ची जागा भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ ने घेतलीये, आणि त्याच्या प्रमाणपत्राच्या नमुन्यात फाइलची हॅश व्हॅल्यूसुद्धा लिहायची असते.

याचा घरच्या पीसीशी काय संबंध? आमच्या पुण्यातल्या सोसायटीत पहाटे दोनच्या सुमारास एक स्कूटर गेली. फुटेज होतं, अगदी स्वच्छ होतं. पण डीव्हीआरचं घड्याळ साडेपाच तास मागे, म्हणजे भारतीय वेळ लावलेलीच नव्हती. पडद्यावर वेळ आदल्या रात्रीची साडेआठ. त्यात पेन ड्राइव्हवर निघालेली फाइल त्या कंपनीच्या प्लेअरशिवाय उघडेना. चौकीतल्या हवालदारसाहेबांनी शांतपणे विचारलं की नेमकी चोरी कधीची धरायची. ज्याची स्कूटर होती त्याला कर्जाचे हप्ते अजून दीड वर्ष भरायचे होते.

तर नाशिकच्या श्रोत्यांना माझं उत्तर असं. पीसीवर विंडोजच ठेवायचं असेल आणि एकदा पैसे भरायची तयारी असेल, तर ब्लू आयरिस. लिनक्सची भीती नसेल तर फ्रिगेट, चोवीस तास रेकॉर्डिंग चालू ठेवून, आणि माणूस व मोटरसायकल एवढ्यांच्याच सूचना. फक्त दोनेक कॅमेरे आणि फारच जुनं मशीन असेल तर साधं मोशनसुद्धा पुरतं. त्यात हालचालीच्या आधीच्या काही फ्रेम धरून ठेवायची सोय आहे, ती चालू करा, नाहीतर चोराची फक्त पाठ मिळते. झोनमाइंडरबद्दल मला आदर आहे, पण आज नव्याने सुरुवात करणाऱ्याला मी ते सुचवणार नाही. त्याच्या सेटिंग्जमध्ये वीस वर्षांच्या टंचाईच्या खुणा आहेत आणि त्या समजून घेण्यात दोन वीकेंड जातात.

जे टाकाल ते टाकल्यावर पहिल्याच दिवशी एवढं करा. कॅमेऱ्यांची आणि पीसीची वेळ एकाच ठिकाणाहून मिळते का बघा. भर दुपारी फाटकातून स्वतः चालत या. ती क्लिप शोधा, बाहेर काढा, आणि शेजाऱ्याच्या लॅपटॉपवर, काहीही इन्स्टॉल न करता, चालवून दाखवा. मग अकरा दिवस थांबा आणि बाराव्या दिवशी बघा की पहिल्या दिवसाचं काय झालं.